पासिंगपुरते टायर

प्रिय बाबा,

फोनवर तुम्ही बोलत नाही म्हणून लिहितेय. तीन वेळा केला. तिन्ही वेळा ‘आवाज येना नाय गो’ म्हणून ठेवलात, आणि तिसऱ्या वेळी मागून शुभाआत्याचं ‘दशरथा, चाय थंड होता’ मला इथे घाटकोपरला स्वच्छ ऐकू आलं. आत्याचा आवाज येतो आणि माझा तेवढा येत नाही? आत्याचा निलेशदादा उद्या तिकडे कणकवलीला निघतोय. हे पत्र त्याच्या हाती देतेय आणि त्याला बजावलंय की बाबांचं वाचून होईपर्यंत समोरून उठायचं नाही. आईने चाळीत सांगितलंय की तुम्ही आत्याच्या घराची कौलं चाळायला गेलात. भर जुलैच्या पावसात कोण कौलं चाळतं, बाबा? आईने खोटं बोलताना निदान महिना तरी बघायला हवा होता. पण तिला सवय नाही. तुमच्यासाठी पहिल्यांदाच बोलली बिचारी.

मला राग आलाय. दहा दिवसांत तो कमी व्हायला हवा होता, उलट वाढलाय. अपघातानंतर विकीच्या पायात दोन ठिकाणी सळ्या घातल्यात. तो स्कूटरवाला, ज्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं, त्याच्या भावाने तक्रार दिलीय आणि सोमवारी सकाळी अकरा वाजता विकीला चौकीत बोलावलंय. कुबड्या घेऊन जाणार आहे तो. काय लिहून द्यायचं ते शेजारच्या बाळाकाकांनी त्याला तयार करून दिलंय: ‘माझं लक्ष नव्हतं, ब्रेक उशिरा लागला.’ गाडी बाळाकाकांची, धंदा त्यांचा, विकी नुसता ड्रायव्हर, आणि सही त्याची. एकतीस वर्षांचा माणूस, घरात चार वर्षांची मुलगी, आणि गाडी चालवण्याशिवाय त्याला दुसरं काही येत नाही. ती सही झाली की या भागात कोण त्याच्या हातात चावी देईल? आणि ते वाक्य खोटं आहे, हे आपल्या घरात सगळ्यांना माहीत आहे. तुम्हाला, मला, आईलाही. 

तुम्ही म्हणाल, पोरीला शिकवली आणि आता ती बापालाच शिकवते. म्हणा. आपली गाडी घेतली तेव्हाही तुम्ही हेच म्हणाला होतात. आठवतं ना? बावीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवून तुम्ही स्वतःची पिकअप घ्यायची ठरवलीत आणि सगळी चाळ म्हणाली, नवी घ्या, हप्त्यावर. मी दुसऱ्या वर्षाला होते. मी म्हटलं, जुनी घेऊ, पण बघून घेऊ आणि वीस वर्षं टिकवू. तुम्ही हसलात. ‘फिजिक्स शिकलंस म्हणान गाडी कळता होय तुका?’ तरी माझ्याबरोबर अकरा गाड्या बघितल्यात. बोरिवलीची ती लाल, पुढे झालर, आत गाणी, तुम्हाला फार आवडलेली. ‘नवरीसारखी दिसता.’ सुरू केली तर नवरीने एवढा निळा धूर सोडला की मालकच खोकायला लागला. अंधेरीच्या गाडीत उदबत्तीचा वास भरून राहिला होता, सीटकव्हरं कोरी करकरीत. मी पायाखालची मॅट उचलली तर खाली वाळलेला चिखल. पुरात बुडालेली गाडी. तुम्ही त्या माणसाला जे सुनावलंत ते ऐकून मला इतका अभिमान वाटला होता की मी मैत्रिणींना सांगत सुटले. ‘अरे, उद्या हिचो ब्रेक गेलो आणि माणूस मेलो तर तुझी उदबत्ती खंय लावतलंस?’ हे तुमचेच शब्द आहेत, बाबा.

मग मुलुंडची आपली. हार्डवेअरवाल्या शेठची, एका हातची, नऊ वर्षांत गोदामापासून दुकानापर्यंतच गेलेली. रंग उडालेला, हौद्याला पोचे. पण सकाळी सातला, इंजिन गार असताना, पहिल्या चावीला सुरू झाली. तुम्ही पांढरा शर्ट घालून सरळ खाली आडवे झालात आणि बॅटरीच्या उजेडात चासी टोकापासून टोकापर्यंत हाताने चाचपलीत. कुठे चीर नाही, कुठे वेल्डिंग नाही. खालूनच म्हणालात, ‘घेऊया.’ शर्टाचा डाग निघाला नाही म्हणून आई आठवडाभर बडबडत होती. अजून एक कारण मी सांगितलं होतं. बाळाकाकांची गाडी याच जातीची, रस्त्यावर निम्म्या गाड्या याच, म्हणजे सामान कुठेही मिळेल आणि एकमेकींना बसेल. ‘एकमेकींना बसेल’ असं मीच म्हणाले होते. आता ते शब्द आठवले की जीभ चावावीशी वाटते.

पाच वर्षं आपण ती गाडी कशी ठेवली! वेळच्या वेळी ऑइल, डिझेलचा फिल्टर, रेडिएटरमध्ये नळाचं पाणी कधी नाही. दर महिन्याला स्प्रिंगच्या पाट्यांना ग्रीस. नर्सरीतून माती भरून आणली की हौदा धुतल्याशिवाय तुम्ही जेवायला बसत नव्हतात, ओली माती पत्रा खाते म्हणून. पवईच्या सोसायट्यांत कुंड्या उतरवताना वॉचमन म्हणायचे, चौदा वर्षांची वाटत नाही. मी प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासते. तिथे पहिल्या दिवशी शिकवलं, दिसतं ते लिहायचं, हवं ते नाही. तसंच मी गाडीची वही लिहिली. यंदा आपण एजंटाशिवाय आरटीओत पासिंगला गेलो आणि साहेबाने गाडीला चक्कर मारून फक्त एवढंच विचारलं, ‘कुणाकडे असते ही?’ तुम्ही माझ्याकडे बोट दाखवलंत. सांगू? पदवी घेताना टाळ्या वाजल्या त्यापेक्षा मला ते बोट जास्त वाटलं.

आणि मग कळलं की या गाडीचा आपण काय उपयोग केला. पासिंगच्या दिवशी चांगले टायर उसने आणायचे, गाडी पास करून घ्यायची, संध्याकाळी परत स्वतःचे घासून गुळगुळीत झालेले चढवायचे. तुम्ही म्हणालात, सगळेच करतात. हो, करतात. म्हणूनच आपण करायचं नव्हतं! मी त्या गाडीची एवढी निगा राखली ती काय इतरांच्या खोट्या पासिंगला चांगले टायर पुरवायला? बाळाकाकांच्या गाडीला आपले चारही टायर लागले, अपघाताच्या आधीच्या आठवड्यात, सोमवारी तिला शिक्का मिळाला, त्याच संध्याकाळी टायर परत आपल्याकडे. तुम्ही एक पैसा घेतला नाहीत, मला माहीत आहे. ‘शेजाऱ्याक नाय कसा म्हणूचा?’ म्हणालात. वीस वर्षांचा शेजार, आईच्या ऑपरेशनच्या वेळी मध्यरात्री गाडी काढणारा माणूस. सगळं खरं. पण बाबा, त्यांना आपली गाडीच आठवडाभर वापरायला दिली असतीत तर मी स्वतः धुऊन दिली असती. तुम्ही गाडी दिली नाहीत. तुम्ही त्यांना एक खोटा कागद मिळवून दिलात.

विकी तेव्हा दहा दिवस सासुरवाडीला होता. मंगळवारी पहाटे परत आला. गाडी भरून तयार, पाऊस चालू. बाळाकाकांनी फोनवर सांगितलं, पासिंग झालं, टायरही नवे घातलेत, नीघ. त्याने मालकावर विश्वास ठेवला आणि खाली वाकून बघितलं नाही. एवढीच त्याची चूक. पवईच्या उतारावर ब्रेक दाबला तो वेळेत दाबला. गाडी थांबलीच नाही, साबणावरून गेल्यासारखी पुढच्या स्कूटरवर गेली.

इथपर्यंत मी कदाचित समजून घेतलं असतं. चूक झाली, घात झाला, तुम्हीही रात्रभर बसून होतात. पण शुक्रवारी विम्याचा माणूस गॅरेजमध्ये मोडलेली गाडी बघायला येणार होता, आणि बाळाकाका पुन्हा आले. आणि तुम्ही पुन्हा दिलेत! मला बोरिवलीच्या नर्सरीत पाठवलंत, मोगऱ्याची रोपं बघून ये म्हणून. मी लवकर परतले तर आपली गाडी दाराशी उभी, तिच्या पायांत बाळाकाकांचे टायर. हात फिरवला तर पाटीसारखे गुळगुळीत, एका ठिकाणी आतली तार दिसत होती. मी ओरडले ते साऱ्या चाळीने ऐकलं. तुम्ही खाली बघून म्हणालात, ‘एका दिवसाचो तर प्रश्न आसा.’ शनिवारी टायर परत आले, तुम्ही स्वतः एकेक नट आवळलात, आणि दुपारच्या गाडीने कणकवली गाठलीत.

त्या एका दिवसाने काय केलं ते ऐका. विम्याच्या माणसाने काढलेले फोटो बाळाकाकांनी हॉस्पिटलमध्ये विकीला मोबाइलवर दाखवले. बघ, टायर कसे कोरे होते, आणि तू म्हणतोस गाडी घसरली. पहिले दोन दिवस विकी छातीठोकपणे सांगत होता की पाय वेळेवर पडला. फोटो बघितल्यावर त्याने ते सांगणं सोडलं. आता म्हणतो, मलाच डुलकी लागली असेल, पहाटेच उतरलो होतो ना गावच्या गाडीतून. बायकोला सांगितलंय, पुन्हा स्टिअरिंगला हात लावणार नाही. बाबा, आपल्या टायरांनी त्याचा स्वतःच्या पायावरचा विश्वास काढून घेतला. अंधेरीच्या त्या उदबत्तीवाल्याने निदान एवढं तरी केलं नव्हतं.

मी काल त्याच्याकडे गेले होते. आईने पेज आणि बांगड्याचं सुकं दिलं होतं. मी डबा खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. टायर कुणाचे, किती वेळा, कधी. आणि जे तुम्हालाही सांगितलेलं नाही, तेही. टायर फिरवून लावताना गोंधळ नको म्हणून मी त्यांवर आतल्या बाजूने पिवळ्या रंगाने आकडे टाकलेत. अपघाताच्या आधीच्या रविवारी मी गाडी तपासली तेव्हा आकडे उलटसुलट होते. चारही. त्या आठवड्यात एकच पंक्चर काढलं होतं, त्यासाठी चारही चाकं कशाला उतरतील? मला तेव्हाच कळलं, बाबा. वहीत लिहिलं नाही. तुम्हाला विचारलं नाही. साहेबाने केलेलं कौतुक मी प्रयोगशाळेत अजून सांगत होते आणि त्यावर मला डाग नको होता. विचारलं असतं तर तुम्ही खोटं बोलला नसतात, आणि मी बाळाकाकांच्या दारात जाऊन ओरडले असते, जशी शुक्रवारी ओरडले. हाताशी दोन दिवस होते.

विकीने डबा बाजूला सारला. मग रडला. मला वाटलं रागाने, पण नाही. ‘म्हणजे पाय पडला होता माझा,’ एवढंच दोनदा म्हणाला. मी म्हटलं, सोमवारी मी येते, हे सगळं चौकीत सांगते. तर एकदम उठून बसायला लागला. ‘श्रुते, वेडी झालीस काय? दशरथकाकांनी मला गाडी शिकवली. दहावी नापास पोराला कोणी जवळ करत नव्हतं तेव्हा शेजारी बसवलं. त्यांचं नाव चौकीत आलं तर मी आजच सही करून मोकळा होतो.’ मी भांडले, हात जोडले, ऐकत नाही. मी एकटी जाऊन खरं सांगितलं तर तो मला खोटं ठरवेल, तुमच्यासाठी. त्याला ती सही करण्यापासून थांबवू शकेल असा एकच माणूस आहे आणि तो आत्याकडे कौलं चाळतोय. रविवारी संध्याकाळची बस घ्या. चौकीच्या आधी त्याच्या घरी जा, माझ्याशी नंतर बोलला नाहीत तरी चालेल. मला साडेदहाला चौकीच्या गल्लीच्या तोंडाशी भेटा. आत आपण दोघं मिळून जाऊ, आधी तुम्ही बोला, मग मी माझे दोन दिवस सांगेन.

रागावलेली, आणि तरीही वाट बघणारी,
तुमचीच
श्रुतिका