खऱ्याला मार नाही

३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज पुन्हा ऐकलं! जेवणाच्या सुट्टीत लाँड्रीच्या मागच्या बाजूला, ओल्या चादरींच्या ट्रॉल्यांमध्ये उकिडवा बसून, फोन कानाला चिकटवून. धाकटा कुराण म्हणत होता, मी डोळे मिटून. काय आवाज आहे पोराचा! लांब श्वास घेतो, आयत संपेपर्यंत तुटू देत नाही. त्याच्या वयात माझा श्वास फक्त पळून जायच्या कामाचा होता.

संपल्यावर म्हटलं, अम्मी, त्याला दे ना जरा. अम्मी म्हणाली, "पळाला बघ खेळायला. आठवडाभर वसतिगृहात कोंडलेला असतो, जुम्म्याला घरी आला की पायाला चाकं." पळू दे. माझाच भाऊ.

इस्त्रीच्या तापल्या रोलरवर उभा होतो तरी दुपारभर तोच आवाज कानात. आज उकाडा वाटलाच नाही.

५ फेब्रुवारी, रविवार

एक चादर जाळली. रोलरमध्ये घालताना एक टोक माझ्या हातात, एक रेडिओच्या. दोघांनी एकदम सोडायचं असतं. रेडिओ म्हणजे माझा खोलीतला जोडीदार, झोपेतसुद्धा बोलतो म्हणून रेडिओ. तो गोष्ट सांगत होता, मी हसत होतो, टोक माझं अडकलं. तपकिरी डाग, बशीएवढा.

मुकादमाकडे गेलो, सांगितलं माझ्याकडून झालं. त्याने वर बघितलं सुद्धा नाही — "उद्यापासून ओल्या बाजूला." म्हणजे भिजलेल्या ट्रॉल्या ढकलायच्या, ब्लीचच्या पाण्यात हात. बोटांना आताच चिरा पडल्यात.

रेडिओ कपाळावर हात मारून घेतो — "अरे हरिश्चंद्राच्या औलादी! ढिगाऱ्याच्या तळाशी घालायची होती. कोण बघणार होतं?"

काय सांगू त्याला? ती शाळेची सवय आहे, धाकटा शिकतो त्याच शाळेची. चौथीपर्यंतच गेलो, पण तेवढी एक चिकटली. संध्याकाळी मगरिबच्या नमाजीनंतर उस्ताद सगळ्यांना गोल बसवायचे आणि म्हणायचे, "चला, एक खरं." प्रत्येकाने आपल्या दिवसातली एक खरी गोष्ट सांगायची. चांगली असो की वाईट. मी शेजारच्याची भाकरी खाल्ली. मी हातपाय न धुता, वजू न करताच नमाजीला उभा राहिलो. कुणी हसायचं नाही. आणि नियम एकच — खऱ्याला मार नाही. दुसरीकडे पोरं छड्या खायची, आमच्याकडे खरं बोललं की सुटलो! शेवटी उस्ताद स्वतःचं सांगायचे. एकदा म्हणाले, "आज नमाजीत उभा होतो आणि डोक्यात गळणारं छप्पर होतं." एवढा मोठा माणूस, आणि आम्हा शेंबड्यांसमोर!

पाठ केलेलं बरंचसं विसरलो मी. ते छप्पर नाही विसरलो.

१० फेब्रुवारी, शुक्रवार

हात झोंबत होते म्हणून फोन स्पीकरवर ठेवला. रेडिओ शेजारी बसून खात होता. धाकट्याचं सुरू झालं. मधेच एक कावळा ओरडला, मग कुणीतरी खोकलं, पुढे पुन्हा त्याचा आवाज.

रेडिओ घास तोंडात ठेवूनच म्हणतो, "तुमच्याकडचा कावळापण पाठ करून बसलाय वाटतं! मागे एकदा तू गॅलरीत स्पीकरवर ऐकत होतास, तेव्हाही बरोबर इथंच ओरडला."

मी हसलो. रेडिओही हसला.

मग ट्रॉली ढकलता ढकलता हसू उतरलं. कावळा. खोकला. मग तो लांब श्वास. मागच्या जुम्म्यालाही असंच. त्याच्या मागच्यालाही.

११ फेब्रुवारी, शनिवार

अम्मीला फोन केला. म्हटलं धाकट्याला आज एक दिवस जास्त ठेवून घेतलं असशील, तर दे. कुराणातली दुसरी कुठलीतरी सूरह ऐकव म्हणावं.

"तो गेला वसतिगृहात."

बरं, मग पुढच्या जुम्म्याला दुसरी ऐकव.

"त्याचा गळा बसलाय."

आज बसलेला गळा पुढच्या जुम्म्यापर्यंत बसलेलाच राहणार? अम्मी म्हणते, "तू जेवलास का?"

आईने विषय बदलला की समजायचं, पाणी कुठेतरी मुरतंय.

१२ फेब्रुवारी, रविवार

आमच्या गल्लीतल्या शिंपीचाचांना फोन लावला. त्यांच्या दुकानासमोरून शाळेचा रस्ता जातो, त्यांना सगळं दिसतं. म्हटलं चाचा, आमचा धाकटा दिसतो का जाता-येता?

"दिसतो म्हणजे? इथंच बसलाय की! काज करतोय. हात चांगला आहे हं पोराचा. थंडी सुरू झाल्यापासून माझ्याकडेच आहे—" आणि मग एकदम, "तुला माहीत नव्हतं? या अल्लाह. माझी जीभ झडो!"

मागे मशीनचा आवाज येत होता. म्हटलं, त्याला द्या. चाचा म्हणाले, उठून गेला.

म्हणजे तो आवाज फोनमध्ये भरून ठेवलेला! मी इथे ओल्या चादरींत बसून, डोळे मिटून, मोबाईलमधला मोबाईल ऐकत होतो!

१३ फेब्रुवारी, सोमवार

कुणाशी बोललो नाही.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

अम्मीला माहीत. आपाला माहीत. तिच्या नवऱ्याला माहीत. गल्लीला माहीत. मीच एक येडा! "माझा भाऊ हाफिज होणार, सगळं कुराण पाठ," म्हणून मी मुकादमालासुद्धा सांगून बसलो. फोटो दाखवला. कारण नसताना.

मी का राहिलोय इथे, घरापासून इतक्या लांब? माझं बूड कुठे टिकलंय आजवर? गॅरेज सोडलं, बेकरी सोडली, बोटीवरचं काम सोडलं. इथेच टिकलो, कारण घरातल्या एकाने तरी पूर्ण शिकावं. दीन-धर्मही, आणि गणित-विज्ञानही. त्या शाळेत दोन्ही होतं म्हणून तर घातला. आणि पोरगं काज करत बसलंय. आळस केला असेल. नाहीतर पळाला असेल. आणि सगळ्यांनी मिळून माझ्या तोंडात चोखणी दिली — हं, घे, ऐक आणि गप्प झोप.

अम्मीचे सहा फोन आले. उचलले नाहीत.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

आपाचा उचलला. आपा माझ्यापेक्षा मोठी, तिच्यापुढे माझी डाळ शिजत नाही. आधी शिव्या दिल्या, मग रडली, मग सांगितलं. जसं ऐकलं तसं लिहितो, नाहीतर डोकं फुटेल.

शाळेत तपासणीचे साहेब येणार होते. विज्ञानाचे मास्तर वर्षापूर्वीच सोडून गेलेले. त्यांच्या जागी कुणी आलंच नाही, त्या तासाला पोरं अंगण झाडायची. संस्थेच्या अध्यक्षांनी उस्तादांना सांगितलं, आणि उस्तादांनी पोरांना — साहेबांनी विचारलं तर म्हणायचं, मास्तर रोज येतात.

साहेबांनी विचारलं. सगळा वर्ग म्हणाला, येतात.

आमचा उभा राहिला. "नाही येत. एक वर्ष झालं."

संध्याकाळी मगरिबनंतर गोल बसले. उस्ताद म्हणाले, चला, एक खरं. धाकट्याची पाळी आली. तो म्हणाला, "आज उस्तादांनी आम्हाला खोटं बोलायला सांगितलं."

उस्तादांनी मारलं नाही. त्या दिवशी त्यांनी स्वतःचं खरंही सांगितलं नाही, तसेच उठून गेले. सकाळी धाकट्याची गादी गुंडाळून वसतिगृहाच्या दाराबाहेर ठेवलेली. वर त्याच्या चपला.

खऱ्याला मार नाही. बरोबर! गादी बाहेर काढायची नाही, असं कुठे म्हटलं होतं?

"मग मला का नाही सांगितलं?" म्हणून ओरडलो. आपा म्हणते, "तुझ्या पायाला भिंगरी. ऐकल्या ऐकल्या कामावर लाथ मारून आला असतास आणि उस्तादांच्या गळ्याला धरलं असतंस. अम्मीनं उस्तादांच्या समोर बसून त्याचं पठण भरून घेतलं होतं पूर्वी, तेच लावत होती. त्याला ठाऊकही नव्हतं. कळलं तेव्हापासून दोन दिवस अम्मीशी बोलला नाही."

उस्तादांच्या समोर भरलेलं. म्हणजे तो खोकला उस्तादांचा! लहानपणापासून ऐकलेला, आणि मी ओळखला नाही.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

जुम्म्याच्या नमाजीला गेलो नाही. खोलीतही नमाज पढलो नाही. चटईवर उभा राहिलो आणि हात बांधवेनात. नमाज ज्याने शिकवली त्याचाच चेहरा समोर.

धाकट्याला कामचोर समजलो मी. आणि तो तिथे सुई टोचत बसलाय, कारण जे शिकवलं ते त्याने खरंच शिकून घेतलं! बाकीच्या पोरांनी फक्त पाठ केलं.

१९ फेब्रुवारी, रविवार

उस्तादांना फोन लावला. काय काय बोलायचं ते ट्रॉलीमागे घोकून ठेवलं होतं. त्यांनी "बेटा" म्हटलं आणि निम्मं विसरलो.

"रागावलायस. रागाव, तुझा हक्क आहे."

म्हटलं, तुम्हीच शिकवलंत.

"मीच शिकवलं. म्हणून तर उभा राहिला तो. मला त्याचा अभिमान वाटला, तुला पटणार नाही." मग म्हणाले, "वसतिगृहात अशी पोरं आहेत ज्यांना मागे कुणी नाही. शाळेला कुलूप लागलं तर ती कुठे जातील? विज्ञानाचा मास्तर मागून मागून माझी जीभ झिजली."

"मग हेच का नाही सांगितलंत साहेबांना? मास्तर मागतोय, देत नाहीत — हे खरंच होतं ना?"

उस्ताद खोकले. तोच खोकला.

म्हणाले, साहेब पुन्हा येणार आहेत. धाकट्याने त्यांच्यासमोर म्हणावं की माझी चूक झाली, मास्तर येतात. अध्यक्ष तयार आहेत. त्याची जागा आहे, गादीही ठेवलीय. "तो माझं ऐकणार नाही आता. तुझं ऐकेल."

मी फोन ठेवला. सलामसुद्धा नाही केला. आयुष्यात पहिल्यांदा.

२० फेब्रुवारी, सोमवार

अम्मी म्हणते, सांग त्याला. आपा म्हणते, सांग त्याला. "एका वाक्याचा प्रश्न आहे." शिंपीचाचासुद्धा म्हणाले, हात चांगला असला तरी काज करण्यात पोराचा जन्म नको.

रेडिओला विचारलं. पहिल्यांदा त्याने थट्टा केली नाही. म्हणाला, "तू चादर जाळली, खरं बोलला. बघ तुझे हात."

बघितले.

२२ फेब्रुवारी, बुधवार

उस्तादांनी फसवलं ते जाऊ दे. शाळा तीच आहे, दुसरी कुठे आहे? बाकीच्या फी ऐकूनच चक्कर येते. आणि काज करणारी पोरं पुढे काय होतात, ते मला कुणी सांगायला नको. मी झालोय ते.

२४ फेब्रुवारी, शुक्रवार

बोललो त्याच्याशी. खऱ्याखुऱ्या त्याच्याशी. आवाज फुटायला लागलाय त्याचा, फोनमध्ये भरलेला आवाज आता त्याचा राहिलाही नाही.

म्हटलं, म्हणून टाक.

"पण मास्तर येत नाहीत, भाईजान."

माहीत आहे रे. पण म्हणून टाक. जग असंच चालतं. शीक, मोठा हो, मग पाहिजे तेवढं खरं बोल. अडला हरी ते ऐकलंयस ना? तसं समज.

त्याने विचारलं, "आणि संध्याकाळी? एक खरंच्या वेळी काय सांगू?"

मी हसलो. हसलो मी! म्हटलं, दुसरं काहीतरी सांग. दिवसभरात काय एकच गोष्ट होते?

"बरं," म्हणाला. "तू सांगतोस म्हणून."

२७ फेब्रुवारी, सोमवार

गेला शाळेत! अम्मीने फोन करून सांगितलं, साहेब आले, तो बोलला, साहेब मान हलवून पुढे गेले. गादी आत. अम्मी रडत होती, आनंदाने. मी पण मुकादमाला सांगितलं, भाऊ पुन्हा शाळेत. तो म्हणाला, "का, गेला नव्हता का?"

मुकादमाने मला पुन्हा रोलरवर घेतलं. आज नमाज पढलो.

३ मार्च, शुक्रवार

धाकटा घरी आला होता. अम्मीने फोन लावून दिला.

म्हणाला, "भाईजान, तुला सांगायला हवं. त्या संध्याकाळी माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, आज भाईजाननं मला खोटं बोलायला सांगितलं."

मी विचारलं, उस्ताद काय म्हणाले?

"पुढच्या मुलाकडे वळले."

मग विचारतो, "ऐकवू का?" म्हटलं, ऐकव. त्याने सुरू केलं. फुटक्या आवाजात, मधे मधे अडखळत. कावळा नव्हता, कुणी खोकत नव्हतं. मला ऐकवेना, मी फोन ओल्या चादरींवर उलटा ठेवला.