भोवऱ्यातली गाठ

३ मार्च, मंगळवार
टांगून झाली एकदाची! बारा चित्रं, एकेक दोन पुरुष उंच. जंगल, कडा, पूर — सगळं लाकडी फळ्यांवर कोरून, शाई लावून कागदावर उठवलेलं. नदीच्या चित्रातला भोवरा तर बघणाऱ्याला आत ओढतो. खालची माहितीची पाटी माझी — 'भोवऱ्यातली प्रत्येक रेघ छिन्नीने कोरलेली आहे. कला सगळ्यांची असते.' संग्रहालयात लागून तीनच महिने, आणि माझं वाक्य भिंतीवर!

७ मार्च, शनिवार
बाबा आले. न सांगता. लाकडाच्या वखारीतून थेट — केसांत भुसा, कानावर निळी पेन्सिल. मी पाहुण्यांना चित्रं समजावत होते. बाबा नदीसमोर उभे राहिले आणि त्यांनी भोवऱ्यावरून तळवा फिरवला. रंधा मारल्यावर फळी तपासतात ना, तस्सा.
रखवालदार ओरडला, "ओ काका, हात काढा! भाजी निवडताय का?" सगळे हसले.
बाबा म्हणाले, "अहो, हे कोरलेलं नाही. लाकडाची गाठ आहे ही. रेघा आपोआप उठल्यात."
रखवालदार माझ्याकडे वळला. "मॅडम, तुमच्याबरोबरचे का हे?"
मी म्हटलं — नाही.
बाबांनी ऐकलं. हात खिशात घातले आणि निघून गेले.

८ मार्च, रविवार
घरी त्यावर एक अक्षर नाही. उलट आईला सांगत होते, "पोरीचं ऑफिस काय गार आहे गं! स्वेटर दे तिला." जेवताना मला नेहमीसारखं "घ्या साहेब, भात घ्या." घरातली पहिली पदवी, आणि शिकले काय — तर 'नाही' म्हणायला.
"बाबा, काल..." म्हणून सुरुवात केली. "अगं, कामाच्या जागी चालायचंच," म्हणाले आणि रंध्याचं पातं घासत बसले.

११ मार्च, बुधवार
बाबांची माफी मागायचा धीर होत नाही.

१२ मार्च, गुरुवार
शेवटी चित्रकर्त्या बाईंनाच फोन केला. गाठच आहे ती! "तिथे मी छिन्नी लावलीच नाही. वखारीतल्या मिस्त्रींनी बजावलं होतं — बाई, एवढी जागा सोडा, इथे पाणी आधीच आहे." मिस्त्रींचं नाव त्यांना आठवेना. भोवऱ्याची मूळ फळी पाठवते म्हणाल्या, चित्राशेजारी ठेवायला.
माझी पाटी सपशेल चूक. पाटीचं काय, उद्या बदलेन.

१४ मार्च, शनिवार
फळी आली. रखवालदाराने उलटी केली. पाठीमागे निळ्या पेन्सिलीचं वर्तुळ, त्यात तिरकी रेघ. माझ्या अभ्यासाच्या टेबलाखाली आहे, तीच खूण.
"कोणाची हो मॅडम?"
"माझ्या बाबांची."
ऐकायला ते नव्हते.