उम्म यासीनचं निळं भांडं

हर्मेल, लेबनॉन
१० मे २०१३

चि. कुमैलला अनेक आशीर्वाद, वि. वि.

लढाईवर नेताना तुमचे फोन काढून घेतले ते बरंच झालं. एरवी दोन ओळी लिहायच्या तर तुला ताप यायचा! पत्र तुझ्या तुकडीतल्या जवादने आणून दिलं. सरहद्दीपलीकडच्या भांडणात आपला पक्ष बंदुका घेऊन का उतरला, ते तू समजावलंस. मामाही तेच सांगतो: सीरियाचं सरकार पडलं की आपली शस्त्रांची वाट तुटणार, तिथले बंडखोर आपल्या बीबी जैनबचा दर्गा पाडणार, मग ते आपल्याच दारात. परवा शेजारी रॉकेट पडलं, तेव्हा मलाही पटलं.

पण कुसैरवर हल्ला? सात वर्षांपूर्वी इस्रायलची विमानं आपल्यावर बाँब टाकत होती, तेव्हा सरहद्द ओलांडून गेलो आणि त्याच गावात उम्म यासीनने आपल्याला घरात घेतलं. तिचे जर्दाळू खाऊन तुझं पोट बिघडलं होतं, आठवतं? तेव्हापासून तिचं निळं भांडं दोन्ही घरांत फिरतंय, कधी रिकामं परतलं नाही. रस्ता बंद व्हायच्या आधी मीच ते भरून पाठवलं होतं. खाल्ल्या मिठाला जाग, बाळा. साहेबांना सांगून दुसरीकडे जा.

जिवाला जप, आईवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी आई

कुसैर, सीरिया
७ जून २०१३

ती. आईस कुमैलचा सलाम, वि. वि.

मी धडधाकट आहे. दुसरीकडे पाठवा म्हणालो, तर साहेब हसले. म्हणाले, हे काय लग्नाचं आमंत्रण आहे, नको म्हणायला?

गाव आमच्या हाती आलंय. उम्म यासीनच्या घरात आम्हीच शिरलो. घरात कोणी नव्हतं. फळीवर निळं भांडं होतं, जर्दाळूच्या मुरंब्याने भरलेलं, वर फडकं बांधलेलं. तुझ्याकडेच निघालं होतं ते. पोरं उपाशी होती, तुटून पडली. हे घर ओळखतोस का, असं साहेबांनी विचारलं. मी नाही म्हणालो. आणि आई, मुरंबा मीही खाल्ला.

भांडं धुऊन जवादबरोबर पाठवतोय. रागावलीस तरी लोभ सोडू नकोस.
तुझा कुमैल

हर्मेल
१९ जून २०१३

चि. कुमैलला आशीर्वाद, वि. वि.

भांडं पोचलं. गल्लीत विजयाची मिठाई वाटली, मीही घेतली. नाही कशी म्हणू?

उम्म यासीनचा ठावठिकाणा लागला. डोंगरापलीकडे अरसालमध्ये तंबूत आहे. तिच्या मुलाचं, यासीनचं काय झालं, हे विचारायची माझी छाती झाली नाही. मी भांडं काठोकाठ भरून ठेवलंय, पण पाठवत नाही. ते तिने स्वतःच्या फळीवर ठेवलं होतं. माझ्याकडून आलेलं पाहील, तर तिच्या स्वयंपाकघरात कोण शिरलं होतं, हे तिला कळेल.

पाठवू का? एवढं मात्र तूच कळव.
तुझी आई