पाठीमागे बांधलेले हात

ट्रॉय, मिशिगन
ऑक्टोबर १९९६

दादा, जयभीम.

डॅरेल पोलीस कोठडीत दम्यानं गेला, हे आज त्याच्या आईच्या वकिलांनी सांगितलं. आमच्या खालच्या मजल्यावरचा डॅरेल, तुझ्यासारखाच जन्मापासून बहिरा. रंगानंही तुझ्याहून फार वेगळा नव्हता. पोलिसांनी मागून थांबायला सांगितलं, तो चालत राहिला. त्यांनी त्याचे हात पाठीमागे बांधले. मग श्वास अडकलाय हे तो सांगणार कशानं?

वकील म्हणाले, "केस एकाच मुद्द्यावर उभी करावी लागेल. काळा म्हणून, की बहिरा म्हणून?"

"मुलगा मला एकच होता," त्याची आई म्हणाली.

जिन्यात डॅरेल अजून उभा दिसतो. तुझा भाऊ कधी येतोय, असं मला खुणेनं विचारतो.

इथल्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्याचं कात्रण तू मोठ्या आशेनं खिशात घेऊन फिरतोस, असं वहिनी सांगते. म्हणून हे पत्र मी टाकणार नाही.

शनिवारी तुझं विमान उतरेल. विमानतळाच्या दाराशी पोलीस असतील, आणि मला पाहताच तू लांबूनच दोन्ही हातांनी बोलायला लागशील.

तुझीच,
उपासना