पिवळ्या खडूची खूण

९ सप्टेंबर १९९५, शनिवार

सापडली! इंजिनामागच्या पत्र्यावर, बोटभर चिकट धुळीखाली. पिवळ्या खडूने लिहिलेला ३७, आणि शेजारी बरोबरची खूण. शेपटी लांब ओढलेली, टोकाला डावीकडे वळलेली. घाईत मारली आहे, पण हात सराईत. मी सव्वीस वर्षं कारखान्यात हेच केलं. पार्ट हातात घ्यायचा, माप घ्यायचं, पिवळा खडू, पुढचा पार्ट.

ख्वाजामियाँ फडकं घेऊन पुढे आलाच होता — "पोंछ डालूं क्या साब?" — मी असा ओरडलो की चिंचेवरचे कावळे उडाले. बिचारा मागे सरला. चाळीस वर्षं डेंटिंग-पेंटिंग केलेला माणूस, फडक्यावरून त्याला कधी कोणी बोललं नसेल. मग नीट सांगितलं. रंग आपण देऊ, क्रोम चमकवू, ते कोणीही करतं. ही खूण अमेरिकेतल्या कुणा इन्स्पेक्टरने सदुसष्ट साली मारली. ती एकदाच मारली जाते.

"मतलब गाडी की जनमपत्री है ये," म्हणाला.

हौ, तेच!

१० सप्टेंबर

बटर पेपर वर धरून खूण पेन्सिलीने उतरवून घेतली. मेणकागदाचा चौकोन कापून वर चिकटवला. चारी बाजूंनी चार बोटं जागा सोडून रंग द्यायचा.

रात्रभर वाटत होतं, चिकटपट्टीने खडू उचलला जाईल. सकाळी देवपूजा न करता बरकतपुऱ्याच्या शेडवर पळालो. पट्टी पत्र्याला होती, खुणेला नाही. भामा म्हणते, नवऱ्याचं नाव हिम्मतराव आणि जीव चिमणीचा!

१४ सप्टेंबर, गुरुवार

गाडीचं नीट लिहून ठेवतो, पुढे विसरेन. मस्टँग, सदुसष्ट सालची, गर्द हिरवी, डावीकडे स्टिअरिंग. आठ सिलिंडर. धरणाच्या कामावर आलेल्या एका अमेरिकन इंजिनिअरने जाताना केशवरावांच्या वडिलांना दिली. ते गेल्यावर पंधरा वर्षं शेडमध्ये उभी. वर कोंबड्या बसत, सीटमध्ये उंदीर. आता केशवराव मोठे कॉन्ट्रॅक्टर. सगळे नवी गाडी बुक करायला धावतात, यांना जुनी उभी करायची आहे.

त्यांच्या ओळखीच्यांकडे अशाच सात-आठ गाड्या सडत पडल्यात. मुंबईहून राजाध्यक्ष म्हणून पारखी येणार, ही गाडी बघणार. त्यांनी अस्सल म्हटलं तर जानेवारीच्या मुंबईच्या प्रदर्शनात जाईल. मग केशवराव जुन्या गाड्यांचं वर्कशॉप काढणार, गौलीगुड्याला जागाही बघून ठेवली आहे. वर्कशॉप मी सांभाळायचं.

मार्चमध्ये कारखान्याने आम्हाला हार घालून, नारळ देऊन घरी पाठवलं. स्वेच्छानिवृत्ती! कोणाची स्वेच्छा, देव जाणे. सहा महिने झाले. सकाळी आठला अजून पाय दाराकडे वळतात. लोक विचारतात, "मग सध्या काय?" मी म्हणतो, आराम. हे काम मिळायलाच हवं.

१८ सप्टेंबर

राजाध्यक्षांचा फोन आला होता केशवरावांना. ८ ऑक्टोबर नक्की. एकच निरोप — "रंग दाखवू नका, फॅक्टरीच्या खुणा दाखवा."

२१ सप्टेंबर, गुरुवार

आज सगळं शहर गणपतीला दूध पाजत होतं! ख्वाजामियाँसुद्धा बघून आला. भामा चिक्कडपल्लीच्या देवळात तीन तास रांगेत. "प्यायला हो! चमचा टेकवला आणि दूध गायब!" मी म्हटलं, चमचा गळका असेल. दुपारपर्यंत बोलली नाही.

मी दिवसभर गाडीखाली उताणा. मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्यावर फॅक्टरीचा निळा पट्टा निघाला, ॲक्सलवर हिरवे दोन ठिपके. मागच्या सीटच्या स्प्रिंगात फॅक्टरीची छापील चिठ्ठी, निम्मी उंदरांनी खाल्लेली. एवढं मिळालं तर आनंद व्हायला हवा. मला मात्र भीतीच वाटते. जितक्या खुणा जास्त तितक्या जपायच्या जास्त!

२५ सप्टेंबर

घट बसले. भामाचे नऊ दिवसांचे उपास. रंगाचा पहिला हात झाला. हिरवा थोडा उजळ वाटतो. ख्वाजामियाँ म्हणतो वाळल्यावर बसेल. नाही बसला तर?

२८ सप्टेंबर, गुरुवार

बसला! हिरवा तंतोतंत बसला. मेणकागद काढला. रंगाच्या मधोमध जुन्या पत्र्याची खिडकी, खिडकीत ३७ आणि ती खूण. ख्वाजामियाँने दोन्ही हात जोडले.

आमची लेक राणी कॉलेजातून कॅमेरा घेऊन आली, खुणेचा जवळून फोटो काढला. छत्तिसाचा रोल, बावीसवर आला. उरलेला दसऱ्याला संपवू म्हणाली.

चष्म्याची काडी तुटली. भामाने दोऱ्याने बांधून दिली. नंबरही वाढला असावा, डॉक्टरकडे जायला पाहिजे. ८ तारखेनंतर बघू.

३० सप्टेंबर, शनिवार

शेवटची साफसफाई. खिडकीच्या कडेला तेलाचा काळा ओघळ राहिला होता. रॉकेलचं फडकं घेऊन तेवढाच पुसला, खुणेपासून चार बोटं लांब. संध्याकाळची वेळ, त्यात लाईट गेलेली. पण ओघळ राजाध्यक्षांना दिसला असता! ख्वाजामियाँ म्हणत होता, "साब, ऐनक लगाको करो, कल करलेंगे." उद्या शेड बंद. आणि दोरा बांधलेला चष्मा तेलकट हाताने कोण लावणार? खिशातच ठेवला.

राणी आली, म्हणाली, "पप्पा, तसेच उभे रहा, फडकं हातातच राहू दे, फोटो छान येतोय." लख्खकन प्रकाश पडला, डोळ्यांपुढे तारे. बॉनेट लावलं, चादर घातली, शेडला कुलूप. किल्ली केशवरावांच्या घरी दिली.

१ ऑक्टोबर

बरकतपुऱ्याला गेलो नाही. झोप नीट नाही.

२ ऑक्टोबर, सोमवार — खंडेनवमी

गेली. पुसली गेली!

आज हत्यारांची पूजा. केशवरावांच्या घरची पद्धत अशी की कुदळ-फावड्यापासून ट्रकपर्यंत सगळं धुऊन, हळदकुंकू लावून पुजायचं. यंदा गाडीचा मान. केशवरावांच्या मंडळी, पद्मावतीबाई, यांनी भामाला सकाळीच बोलावलं. मी दहाला पोचेपर्यंत गाडी धुतलेली, बॉनेट उघडं, इंजिनाला झेंडूची माळ, कुंकवाचं बोट, चाकांखाली लिंबं. राणी फोटो काढत होती. मी वाकून आत पाहिलं. आतमधला पत्रा स्वच्छ. ३७ नाही, खूण नाही. खिडकी कोरी, वर हळदीचा एक शिंतोडा.

मला काय झालं कळलं नाही. भामाच्या हातात ओलं फडकं होतं. सगळ्यांसमोर ओरडलो. "अक्कल गहाण टाकली का? महिनाभराचं काम! तुला सांगितलं नव्हतं आत हात घालू नको?"

ती म्हणाली, "मी बाहेरून पुसलं हो. इंजिनाला नुसतं कुंकू लावलं. पत्र्याला हात लावला नाही."

"मग काय उंदरांनी पुसली?"

पद्मावतीबाई आत निघून गेल्या. ख्वाजामियाँ माझ्याकडे बघत होता, काहीतरी बोलणार होता, बोलला नाही. मीही विचारलं नाही.

३ ऑक्टोबर — दसरा

आपट्याची पानं देताना भामाने नमस्कार केला, वर पाहिलं नाही. राणी माझ्याशी फटकून. श्रीखंड वाटीत तसंच ठेवून उठलो.

दुपारी एकटाच शेडवर गेलो. खिशात कारखान्यातला खडू. निघताना आठवण म्हणून एक कांडी आणली होती, तीच. दुसऱ्या खिशात बटर पेपर. गिरवायला दोन मिनिटं! पिवळा तोच, हात तोच, राजाध्यक्षांच्या बापाला कळलं नसतं. खडू पत्र्यापर्यंत नेला.

नाही मारली. सव्वीस वर्षांत न तपासलेल्या पार्टवर खूण मारली नाही. एकदा मॅनेजर टेबलावर मूठ आपटून गेला, तरी नाही. आता म्हातारपणी मारू? काम गेलं तर गेलं. जे झालं ते खरं सांगायचं.

घरी येताना हलकं वाटलं. मग परत भीती.

४ ऑक्टोबर

राणीचा रोल भामाने चिक्कडपल्लीच्या स्टुडिओत टाकला. निदान २८ तारखेचा फोटो राजाध्यक्षांना दाखवता येईल!

६ ऑक्टोबर, शुक्रवार

भामा भाजी घेऊन उशिरा आली. "फोटो मिळाले?" विचारलं. "बुधवारी देतो म्हणाला." पिशवी ठेवली, तशीच आत जाऊन पडली. जेवली नाही. अजून रागच चाललाय. चूक हिची, आणि रुसायचं हिनेच!

७ ऑक्टोबर

उद्या. दोनदा जिना उतरलो, दोनदा चढलो. भामाने न मागता चहा दिला.

८ ऑक्टोबर, रविवार

सगळं लिहितो.

राजाध्यक्ष पन्नाशीचे, बारीक, हातात टॉर्च. आल्या आल्या कोट काढून गाडीखाली शिरले. पाऊण तास! निळा पट्टा पाहिला, ठिपके मोजले, उंदरांनी खाल्लेली चिठ्ठी भिंगातून वाचली. मग बॉनेट उघडलं आणि त्या कोऱ्या खिडकीवर टॉर्च धरला.

"इथे जागा का सोडली?"

केशवराव माझ्याकडे बघायला लागले. भामा आणि पद्मावतीबाई चहाचे ट्रे घेऊन दारात. मी सांगितलं — इथे खडूची खूण होती, मी स्वतः पाहिली, बटर पेपरवर उतरवली. खंडेनवमीच्या पूजेत माझ्या बायकोच्या हातून पुसली गेली. फोटो आहे, पण स्टुडिओतून यायचा आहे. पुन्हा काढता आली असती. काढली नाही.

राजाध्यक्षांनी टॉर्च बंद केला.

"हिम्मतराव, मी दहा गाड्या बघतो तेव्हा नऊंवर मला नवा खडू दिसतो. पुसली गेली म्हणून सांगणारे तुम्ही पहिले." मग दाराकडे वळून, "वहिनी, मनाला लावून घेऊ नका. घरोघरी होतं."

भामाने ट्रे सावरला. म्हणाली, "चूक झाली."

शेवटी कबूल केलं! मला बरं वाटलं. तिच्यावरचा राग तिथल्या तिथे गेला. मोठ्या मनाने म्हटलंसुद्धा, "जाऊ द्या, तिला काय माहीत."

निघताना राजाध्यक्ष केशवरावांना म्हणाले, गाडी मुंबईला पाठवा, आणि हा माणूस सोडू नका. केशवराव माझ्या पाठीवर थाप मारत होते — "कायकू परेशान होत होतात हो एवढं? वर्कशॉप तुमचंच!"

९ ऑक्टोबर

सोळा तारखेपासून गौलीगुड्याला. आठला हजर! भामाला नवी साडी घ्यायची.

११ ऑक्टोबर, बुधवार

स्टुडिओत मीच गेलो. दुकानदाराने वही पाहिली — "मॅडम तो ले गए ना, छे तारीख कूच."

पाकीट देवघराच्या फडताळात मिळालं, आरतीच्या पुस्तकाखाली. चष्मा लावून खिडकीत बसलो. बावीस नंबरला खूण आहे, अगदी स्पष्ट. चोवीसपासून पूजा, झेंडू, भामा हात जोडून.

तेवीसमध्ये मी आहे. ३० तारखेचा, लख्ख प्रकाशातला. हातात रॉकेलचं फडकं, चष्मा खिशात, तोंडभर हसू. कोपराच्या मागे पत्रा दिसतो. कोरा. गाडीवर एकही फूल नाही.

फडक्यावर पिवळा डाग आहे.

सहा तारखेला तिने हा पाहिला. आठ तारखेला दारात ट्रे धरून उभी होती.

फार लाज वाटते. भामा आत भाजी निवडते आहे. आधी तिच्यापाशी जातो. मुंबईला फोन त्यानंतर.