वर्खाचं पान

३ सप्टेंबर १९२३, सोमवार

पोचलो बाई एकदाचे. मी, माझी पोर बेत्का, दोन ट्रंका आणि बेत्काची बदकाची उशी. प्राग सोडल्यापासून उशी तिने मांडीवरून खाली ठेवली नाही. खोली कारखान्याच्या वस्तीत, दुसऱ्या मजल्यावर. स्टोव्ह धूर सोडतो, खिडकी नीट लागत नाही, पण खोली आमची आहे. नवरा, मिलोश, लढाईवरून परत आला नाही तेव्हा बेत्का वर्षाची होती. तेव्हापासून मी लोकांच्या पोरांच्या शिकवण्या घेतेय आणि रसायनशास्त्राची पदवी ट्रंकेच्या तळाशी पडून आहे. आज तिला ऊन दाखवलं.

आमचे प्रमुख डॉक्टर कालोउसेक. म्हणाले, ओतिलियाबाई, तुमचा हात स्थिर आहे असं प्राध्यापकांनी लिहिलंय. इथे डोक्यापेक्षा हातच जास्त लागतो. मनात म्हटलं, डोकंही आणलंय, लागलं तर सांगा.

१५ सप्टेंबर

काम आवडलं. खाणीतला दगड खालच्या मजल्यावर आम्लात विरघळवतात, त्याचं मीठ आमच्याकडे येतं. आम्ही ते विरघळवायचं, आटवायचं, स्फटिक वेगळे करायचे, आणि पुन्हा पहिल्यापासून. शेकडो वेळा केलं की बशीच्या तळाशी चिमूटभर रेडियम उरतं. पडदे ओढले की बशा निळसर उजळतात. मी पाच मिनिटं नुसती बघत उभी राहिले. हेद्विकाबाई शेजारच्या टेबलावर, बारा वर्षं इथे आहेत. म्हणाल्या, बघून घे, महिन्याभराने तुला त्यात बशीच दिसेल. त्या द्रव नळीने तोंडाने ओढतात, थेंबही इकडचा तिकडे होत नाही. मीही तसंच शिकतेय.

मोजणीची खोली गल्लीच्या टोकाला, तिथे शिमेककाकांचं राज्य. पितळी डबा, काचेमागे सोन्याच्या वर्खाचं पान. वीज भरली की पान उचललेलं राहतं, चाळीसच्या रेघेवर. जवळ रेडियम आलं की पडतं. म्हणून आम्हा केमिस्टांना तिथे मज्जाव: आमच्या श्वासानेसुद्धा पान पडतं, म्हणे. नव्या माणसाला मात्र पहिल्याच आठवड्यात रबरी नळीत फुंकायला लावतात. मी फुंकलं. पान चाळीसवरून हललं नाही. शिमेककाकांनी मान हलवली, म्हणाले, कोरं भांडं आहे, अजून फोडणी बसायचीय.

९ नोव्हेंबर

आज माझं पान पडलं. एका मिनिटात चाळीसवरून चौतीस. हेद्विकाबाईंचं मिनिटात पार तळाला जातं, तेव्हा मी अजून रांगतेच आहे. पण इथली रीत अशी की पहिल्यांदा पान पडलं की त्या माणसाने सगळ्यांना खसखशीचे पाव वाटायचे, कारण आता तो आपला झाला. काल रात्रीच भाजून ठेवले होते, खोटं का बोला. बेत्काने ताट फिरवलं. सगळ्यांनी तिचे गाल ओढले. घरी जाताना तिने विचारलं, माझं पान कधी पडणार. म्हटलं, आधी अंकगणितात पास हो.

बोटांची टोकं खरखरीत झालीत. हेद्विकाबाई म्हणतात, चरबी चोळ.

५ डिसेंबर

संत मिकुलाश येऊन गेले. सोबत पांढऱ्या चादरीतला देवदूत आणि साखळ्या खळखळवणारा सैतान. मिकुलाश म्हणजे खालच्या मजल्यावरचे मास्तर, सैतान खाणीतला कुणीतरी, बिअर पुरेशी झालेली. बेत्काने कविता नीट म्हटली, आक्रोड मिळाले. पण जाताना त्या टोणग्या सैतानाने पोरं भरून न्यायचं पोतं उघडून दाखवलं आणि सांगितलं की अंधार झाला की परत येईन. आता पोरगी झोपत नाही. दिवा विझवला की रडते.

८ डिसेंबर

डॉक्टरसाहेबांना सहज सांगितलं, तर त्यांनी रेडियमच्या चमकणाऱ्या रंगाची उरलेली कुपी काढून दिली. घड्याळाच्या काट्यांना लावतात तो. म्हणाले, मिकुलाशची भेट समजा. मी पुठ्ठ्याचा तारा कापला, पाच टोकांचा, दोन हात रंग दिला आणि बेत्काच्या उशाशी भिंतीला टांगला. दिवा घालवला आणि काय सांगू, तिचं तोंड बघण्यासारखं झालं. मी तिला सांगितलं, जिथे उजेड असतो तिथे सैतान पाऊल ठेवत नाही. तिने ते दोनदा माझ्याकडून वदवून घेतलं आणि झोपली. स्वतःवर खूश आहे मी आज. बापाविना पोर वाढवणं म्हणजे रोजची परीक्षा, आजची मी पास झाले.

१४ जानेवारी १९२४

हेद्विकाबाईंचा जबडा सुजलाय. नाताळाआधी दाढ काढली, ती जखम अजून भरत नाही. आज कोटाची बटणं मला लावायला सांगितली, बोटांना बटण कळत नाही म्हणाल्या. डॉक्टरसाहेब म्हणतात, दमट हवा. हेद्विकाबाई हसल्या, पण अर्ध्या तोंडानेच.

बेत्काचा पहिला दुधाचा दात पडला. सहा वर्षांची आहे, पडायचाच. काडेपेटीत ठेवलाय.

२ फेब्रुवारी

हेद्विकाबाई इस्पितळात. दात आपोआप गळताहेत, हाडासकट. भेटायला गेले होते. खोलीत वास येतो. त्यांनी पाटीवर लिहून विचारलं, तू अजून तोंडाने ओढतेस का. मी हो म्हटलं. त्यांनी माझं मनगट धरून ठेवलं.

आजपासून मी द्रव ओढायला तोंडाऐवजी रबरी फुगा वापरते. हसू देत हसणाऱ्यांना.

१० फेब्रुवारी

बेत्काचे आणखी दोन दात. दुधाचेच आहेत. वय आहे. हिरडी लाल दिसते. मी उगाच हेद्विकाबाईंचा विचार करते. ही कधी कारखान्यात काम करत होती? ताट फिरवलं एवढंच.

तारा पूर्वीसारखा उजळत नाही. एक टोक तर काळंच पडलंय.

१७ फेब्रुवारी

संध्याकाळी दिवा मालवला. तारा अंधुक. मी म्हटलं, बेत्का, झोप आता. ती हसली.

मला तिचे दात दिसले. अंधारात. एकेक दात वेगळा मोजता येत होता. मध्ये तीन काळ्या फटी.

दिवा लावला. तीन काड्या गेल्या. तारा उतरवला. टोकं चाटून, कुरतडून गुळगुळीत झालीत. मी तिला रागावले नाही. शांतपणे विचारलं. ती म्हणाली, रोज थोडासाच खाते. तूच म्हणालीस ना, उजेड असतो तिथे सैतान येत नाही. भिंतीवर असला तर तो पोतं टाकून झाकेल. पोटात असला तर कसा झाकेल?

मी म्हणाले होते. मी दोनदा म्हणाले होते.

१८ फेब्रुवारी

तिचे दात सोड्याने घासले. तीनदा. आता चमकत नाहीत. म्हणजे वरवरचंच होतं. वरवरचंच असेल. पोटात गेलेलं बाहेर पडतं, बरंचसं पडतं, डॉक्टरसाहेब म्हणतात —

गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. ते हसले. म्हणाले, लोक लांबून इथलं रेडियमचं पाणी प्यायला येतात, हिला फुकटात मिळालं. शक्ती येईल.

२० फेब्रुवारी

हेद्विकाबाई गेल्या. पहाटे.

बेत्का म्हणते गुडघे दुखतात. वाढीचे असतील. मीही लहानपणी — नाही, माझे कधी दुखले नव्हते.

काडेपेटीतला दात आम्लाने धुतला आणि काळ्या कागदात गुंडाळलेल्या फोटोच्या काचेवर ठेवला. रेडियम असेल तर कागदातूनही काचेवर छाप उमटते. तो पडला तेव्हा ती तारा खातच होती. धुऊनही काचेवर उमटला तर मग ते वर नाही, आत —

२२ फेब्रुवारी

काच फोटोच्या रसायनात धुतली. दात उमटलाय.

धुताना राहिलं असेल. मी नीट धुतला नसेल. स्थिर हात म्हणे.

शिमेककाकांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, वाद नको, पोरीला आण, फुंकू दे. आत असेल तर श्वासात येतं. आत नसेल तर पान चाळीसवर राहील. तू तरी झोपशील.

श्वासाच्या ओलाव्यानेही पान पडू शकतं. नळीत ओल शोषणारं मीठ असतं. ते मी स्वतः बदलणार, ताजं भरणार. मग कुणी म्हणायला नको.

२३ फेब्रुवारी

मोजणीच्या खोलीबाहेर उभी आहे. मला आत जाता येत नाही. गेले तर पान माझ्यामुळे पडेल. तिचा हात धरायला कुणी नाही. काचेतून दिसते. स्टुलावर बसलीय, पाय लोंबताहेत, उशी मांडीवर. खुशीत आहे.

शिमेककाका दर दहा सेकंदांनी आकडा सांगणार, मी लिहिणार. दुसरा कागद नाही, हीच वही.

फुंकण्याआधी. चाळीस. चाळीस. चाळीस. यंत्र ठीक आहे.

मीठ ताजं आहे. मी भरलंय.

फुंकतेय. गाल फुगलेत.

चाळीस.

देवा, चाळीस राहू दे.

छत्तीस.

अठ्ठावीस.

सतरा. माझं मिनिटात — हेद्विकाबाईंचंसुद्धा इतकं —

सहा.

शिमेककाका आकडा सांगत नाहीत. घड्याळ खिशात घातलं. माझ्याकडे बघत नाहीत.

बेत्का टाळ्या वाजवतेय. म्हणते, आई, माझं पान पडलं, तुझ्याहून लवकर पडलं, आता मी पण तुमची झाले, आता पाव कधी