फक्त खुर्ची

१२ जानेवारी, शॉमबर्ग
पूजा झाली. बाहेर बर्फ.
इराला शाळेच्या डिबेटचा विषय मिळालाय. राष्ट्राध्यक्षावरचा महाभियोग फौजदारी खटला धरायचा का? धरला, तर त्याच आरोपासाठी पुन्हा कोर्टात खेचता येणार नाही. एका गुन्ह्याला दोनदा खटला नाही, असा इथला, अमेरिकेतला कायदा. बाजू ऐनवेळी नाणं उडवून ठरते, म्हणून लेक दोन्ही तयार करतेय. मला समोर बसवलं. "बाबा, यू आर द जज."
म्हटलं, आम्हाला शाळेत गुरुजी मारायचे, मग घरी कळलं की त्याच गोष्टीसाठी अण्णा, तुझे आजोबा.
"दॅट्स डबल जेपर्डी, बाबा."
स्वयंपाकघरातून मेधा : "तरी सुधारले नाहीत."

१४ जाने.
इराच्या मते महाभियोग खटला नाहीच. "जेल नाही, फाइन नाही. फक्त खुर्ची जाते. जॉब गेला म्हणून कोणी क्रिमिनल होतं का?" दुसरी बाजू तिला लंगडी वाटते.
ऐकताना सारखे अण्णा डोळ्यांपुढे. गावचे सरपंच. देवळामागच्या देवराईतली झाडं तोडू दिली असा आळ आला, अविश्वास ठराव आला, हात वर झाले. संपलं. झाडं कोणी तोडली, आजवर कळलं नाही. पोलिसांत कोणी गेलं नाही. मी नववीत होतो. तेव्हापासून अण्णा देवळाची पायरी चढलेले नाहीत. वळणावरूनच हात जोडतात.
त्यांच्या शेजारी एकदा गाभाऱ्यासमोर बसायचंय. देवाकडे दुसरं काही मागत नाही हल्ली.

१८ जाने., रविवार
सकाळी अण्णांना फोन. इराचा मुद्दा सांगितला. अण्णा, तो खटला नव्हताच, तुमची फक्त खुर्ची गेली, दोषी कोणी ठरवलंच नाही. उन्हाळ्यात येतो, देवळात जाऊ.
मागे कोंबड्यांचा आवाज.
"खटलाच नव्हता म्हणतोस. मग मी निर्दोष सुटलो कधी रे?"
मी थंडीची चौकशी केली...

२४ जाने.
डिबेट. नाणं उडालं, वाट्याला लंगडी बाजू. इरा चांगली बोलली. जिथे आरोप होतो, साक्षी होतात, निकाल लागतो, तो खटलाच. तिथे सुटलेल्याला सुटलाच म्हणा, नाहीतर तो कधीच सुटत नाही. मी मागच्या रांगेत हात जोडून बसलो होतो.
हरली.
गाडीत मी अण्णांचं सांगितलं, पहिल्यांदाच.
"वेट. आजोबांची साइड कोणी ऐकलीच नाही?"
"नाही."
"तू?"
सिग्नल सुटला होता, मागच्याने हॉर्न दिला.

२५ जाने., रविवार
फोन आज इराने लावला, स्पीकरवर. "आजोबा, मी जज. तुमची साइड सांगा."
अण्णा हसले. "जुनं झालं गं बाळा. आता कशाला?"
"मला ऐकायचंय."
फोन घेऊन ती आत गेली, दार लोटून घेतलं. चहा दोनदा गरम केला मेधाने. मी इथे देवापुढे. दाराआडून अण्णांचं बोलणं समजत नाही, नुसता सूर कळतो. मधूनच इरा विचारते, चक्क मराठीत, "मग? मग काय झालं?"
निरांजन मंद होत आलंय. तूप घालतो.